आवाज सोडून बाकीचं सांग

४ नोव्हेंबर

प्रिय भोपळ्या,

आशीर्वाद. डोक्यावरचे केस गेले आणि वाद्यवृंदात पहिल्या रांगेत बसायला लागलास, तरी माझ्या लेखी तू भोपळ्याच. इकडे सगळं ठीक. थंडी पडली म्हणून लोक जुने कोट दुरुस्तीला घेऊन येतायत. कुणाचं अस्तर फाटलंय, कुणाचं पोट वाढलंय. बाहेर सकाळभर धुकं असतं, माणसं कापसातून चालल्यासारखी दुकानावरून जातात, आणि मी मशीनवर हात ठेवून नुसती बघत बसते.

त्या दिवसापासून तू रुसलायस, ते मला कळतंय. पण फोन नको करूस, आमच्या फोनचं काही खरं नाही. पत्रच लिही.

काम असं, की एका नवशिक्यासाठी व्हायोलिन घ्यायचंय. पहिलंच. खिशाला परवडेल असं हवं, पण चार दिवसांत माळ्यावर जाईल असलं खेळणं नको. काय काय बघायचं ते नीट लिही. लाकूड, तारा, गज, सगळं. आवाज सोडून बाकीचं सांग, आवाजाचं माझं मी बघेन.

कुणासाठी, कशासाठी म्हणून नाक खुपसू नकोस.

तुझी ताई


२१ नोव्हेंबर

प्रिय भोपळ्या,

पत्र मिळालं. रागात असलास की तुझं अक्षर फार सुरेख येतं, तेव्हा अधूनमधून रागावत जा.

"नवशिकी म्हणजे तुझी नातच असणार, तिला लहान मापाचं घे," असं लिहिलंयस. अरे, नात दिवसभर फुटबॉल खेळते, तिला व्हायोलिनचं नाव काढलेलं खपत नाही. नवशिकी मी आहे. हस आता पोटभर. हसून झालं की पुढे वाच.

तू सांगितलेलं सगळं घोकून मी वाद्यांच्या दुकानात गेले. दुपारची वेळ होती. खिडकीतून तिरपं ऊन आलं होतं आणि तारेवर कपडे वाळत घालावेत तशी व्हायोलिनं ओळीनं टांगलेली. लाकडाचा नि रोगणाचा वास. मला वाटलं, इथेच एक खुर्ची टाकून राहावं. दुकानदारानं पहिल्यांदा चकचकीत लाल काढलं, मी मान हलवली. दुसऱ्याच्या खुंट्या फिरवून बघितल्या, तर सोडलं की तार आपली ढिली. तिसऱ्यावर तारा पट्टीपासून इतक्या उंच, की त्या दाबता दाबता माझी बोटं सोलून निघाली असती. मग त्यानं मागच्या कपाटातून एक जुनं काढलं. पोटावर ओरखडा, पण तारांखालची घोडी सरळ उभी, तारा बोटाला बेतानं लागणाऱ्या. तो बिचारा माझ्याकडे जरा आदरानं बघायला लागला. त्याला काय माहीत, शिकवणारा कोण आहे ते!

आणि मग तुझं ते शेवटचं वाक्य आठवलं. "खरं सांगू ताई, बाकी सगळं एकीकडे. डोळे मीट आणि ऐक. गोड लागेल ते घे."

नेमकं तेच नको म्हटलं होतं ना रे तुला?

त्यानं वाजवून दाखवलं. त्याचा हात हलताना दिसत होता. मला भिंतीपलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवल्यासारखं वाटलं, बस. भोपळ्या, माझे कान चाललेत. डावा गेल्यातच जमा आहे, उजवा त्याच्या मागोमाग निघालाय. कानाला यंत्र घेतलंय, पण त्यातून माणसं डब्यात बसून बोलल्यासारखी वाटतात. शिवणाचं मशीन चालू आहे की बंद, हे मी हात ठेवून ओळखते. फोन अगदी ठणठणीत आहे. मीच उचलत नाही.

त्या दिवशी उचलला, कारण तुझं नाव दिसलं. तू काहीतरी वाजवलंस. मला नुसती खरखर ऐकू आली. संपलंसं वाटल्यावर मी म्हणाले, "छान वाजवलंस हो, कुठलं होतं?" आणि तू फोन ठेवलास. मागून तुझ्या बायकोनं लिहून कळवलं, की ती आईची गुणगुण होती, बटणांची काजं करताना ती करायची ती. तू ती आठवून आठवून जुळवली होतीस, आणि मी विचारलं, कुठलं होतं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं रे. पण खरं सांगायला जीभ रेटेना. तू कीव करशील, आणि तुझी कीव मला सोसायची नाही.

डॉक्टरनं दोन दात्यांचा लोखंडी काटा वाजवून माझ्या कानामागच्या हाडावर टेकवला होता, तेव्हा तो लख्ख ऐकू आला होता. म्हणाला, "बाहेरची वाट बुजतेय, आतली नस जागी आहे." तेव्हापासून माझ्या डोक्यात हे खूळ.

म्हणून मी दुकानदाराला म्हटलं, "द्या इकडे." हनुवटी टेकवली, त्यानं गज धरायला शिकवला, आणि ओढला. फार भयंकर किंचाळलं असणार, कारण दारातल्या बाई दचकून वळल्या. पण मला, भोपळ्या, मला ते जबड्यातून, दातांतून, कानामागून आत आलं. डोकं भरून गेलं. लहानपणी तू दिवाणावर उभा राहून सराव करायचास आणि मी त्याच दिवाणाच्या फळीला गाल लावून पडायचे, तसंच. पुन्हा ओढला. पुन्हा आलं. मी तिथेच ढसाढसा रडले. दुकानदार घाबरला, म्हणाला, "पसंत नसलं तर राहू द्या, आजी."

ओरखड्याचंच घेतलं.

आता रोज दुपारी दुकान बंद करून एकच तार वाजवते. शेजारी अजून काही बोलत नाहीत. बोलत असले तरी मला कुठे कळायला!

तू ये. सुट्टी मिळेल तेव्हा ये, पण उजवा आहे तोवर ये असं म्हणणार नाही, कारण आता त्याची गरज उरली नाही. आलास की काही विचारू नकोस, कीव तर मुळीच करू नकोस. मी खुर्चीत बसेन, व्हायोलिन माझ्या हनुवटीखाली राहील. तू मागे उभा राहा, बोटं तुझी, गज तुझा. आईचं तेच वाजव.

या वेळी कुठलं म्हणून विचारणार नाही.

तुझी वाट बघणारी,
ताई