जो हजर नाही, तो अध्यक्ष

५ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे ते आधी लिही, बाकी सगळं मागाहून. मी मात्र बाकीचंच आधी लिहिणार आहे, कारण माझं डोकं फिरलंय.

मावशी, तुझ्या गल्लीने मला अध्यक्ष केलं!

तू ऑपरेशनसाठी दादाकडे जाताना मला काय बजावलं होतंस? किल्ल्यांचं दुकान वेळेवर उघड, कोरी किल्ली मशीनला घट्ट आवळ, आणि व्यापारी मंडळाच्या बैठकीला माझ्या जागी जाऊन गप्प बस. मी निघाले होते गं. अगदी वेळेवर निघाले होते. पण कोपऱ्यावर एक टेम्पो उभा होता, आरशांनी भरलेला. हमाल एकेक आरसा छातीशी धरून रस्ता ओलांडत होते. आरशामागे माणूस दिसतच नाही, खाली नुसते पाय आणि वर आभाळ. आभाळ पायांनी चालत एका दुकानात शिरतंय, पुन्हा दुसरं आभाळ निघालंय. मी बघतच राहिले. मग त्यातल्या एकाने विचारलं की नुसतं बघायलाच आलीस का, म्हणून मीही एक आभाळ उचललं. बैठकीला पोचले तेव्हा लोक खुर्च्या आवरत होते आणि सलूनवाले काका माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होते.

म्हणे या गल्लीची ही रीतच आहे. हजर असलेला प्रत्येकजण नाही म्हणतो, म्हणून जो हजर नाही त्याचं नाव घालतात. मुदत सहा महिन्यांची. पगार नाही, मानधन नाही, बैठकीतला चहासुद्धा आपापला. मी म्हटलं, अहो मी इथली नव्हे, पाहुणी आहे. तर बेकरीवाल्या काकू म्हणाल्या की पाहुण्यालाच तर खुर्ची देतात.

मावशी, मी तुला कबूल केलं होतं ते तुझा गुडघा बरा होईस्तोवर. माझ्या मैत्रिणीने बोटीवरच्या स्वयंपाकघरात माझ्यासाठी जागा धरून ठेवलीय, ऑगस्टअखेर बोट सुटते. मी आजवर एका जागी सहा महिने कधी टिकलेय का? शाळेतसुद्धा टिकले नाही. यातून सुटायचं कसं ते उलट टपाली कळव. दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
भिंगरी

ता. क. आरसे उतरवल्याबद्दल त्यांनी मला एक हातात मावेल एवढा आरसा दिला. तुझ्या मशीनवर टांगलाय. किल्ली कापताना माझं तोंड किती वेडंवाकडं होतं ते आता कळलं.


१४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गुडघा वाकतो, पण वाकताना कुरकुर करतो. सूनबाई फार करते माझं. सकाळी मी गॅलरीत एक फेरी घालते, ती झाली की दुसरीसाठी तिची आर्जवं सुरू होतात.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की टाके दुखले. अध्यक्षीणबाई, सुटायचा मार्ग विचारतेस? नाहीये. सलूनवाल्यांच्या हातात एकदा मान दिली की काम पुरं झाल्याशिवाय उठता येत नाही, मंडळाचंही तसंच. काम फार नसतं. रस्त्यावरचा दिवा गेला तर अर्ज करायचा, कचऱ्याची गाडी चुकली तर आठवण द्यायची, आणि दोन दुकानदार भांडले तर दोघांचंही खरं आहे असं वेगवेगळं सांगायचं.

एक गोष्ट मात्र तुझ्या कानावर घालते. दादाचा आग्रह आहे की मी दुकान विकावं. मोबाइल विकणारा एकजण मागे लागलाय. मी म्हटलं, भिंगरी आहे तोवर शटर वर जातंय, पुढचं पुढे. तुला बांधून घालायला हे लिहीत नाही हो. विचारशील कधीतरी, तेव्हा माहीत असावं म्हणून.

वेळेवर जेव. कानशीचा भुगा फुंकू नकोस, डोळ्यात जातो, ब्रशने झाड.

तुझी,
मावशी


१८ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मी गल्ली बुडवली. हे एवढं एकच वाक्य लिहून पत्र टाकणार होते.

पाणीखात्याचे इंजिनीअर आले होते. आपल्या गल्लीतला जुना पाइप काढून नवा घालायचाय. अध्यक्ष कोण, म्हणून त्यांना माझ्याकडे पाठवलं. त्यांची मोटारसायकल बाहेर उभी होती, चिखलाने माखलेली. मी सहज विचारलं की कुठल्या वाटेने आलात. तर मावशी, ते डोंगर ओलांडून आले होते! वर एक खिंड आहे, तिथे ढग रस्त्यावर बसलेला असतो आणि हॉर्न वाजवला की बाजूला होतो, असं ते म्हणाले. मग मी माझा ट्रकचा प्रवास सांगितला, मग त्यांनी पंक्चरचा किस्सा सांगितला. उठता उठता त्यांनी विचारलं की रस्ता अर्धा अर्धा खणू, का एकदम? मी अजून खिंडीतच होते गं. म्हटलं, एकदमच करून टाका.

एकदमच केलं त्यांनी. सलूनपासून टेलर मास्तरांपर्यंत दोन्ही बाजूंच्या दुकानांपुढे माणूस उभा मावेल एवढे चर. गिऱ्हाईक मधल्या मातीच्या ढिगावर उभं राहून लांबून हात करतं आणि परत जातं. सलूनवाले काका म्हणाले की गावात लोकांचे केस वाढायचे थांबलेले दिसतात. ते हसत होते, पण खुर्च्या रिकाम्या होत्या. मास्तर चिडले, ते बरं वाटलं. बेकरीवाल्या काकूंनी मात्र न खपलेल्या पावांतला एक कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला.

पिशवी भरून दाराशी ठेवलीय. माझ्या हातून होत नाही हे. तू हो म्हण, म्हणजे मी जाते. मी असेपर्यंत इथे आणखी काय खणलं जाईल कोण जाणे.

तुझी,
भिंगरी


२४ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हो. जा म्हणते. शटरची किल्ली काकूंकडे दे. मी रागावणार नाही, आणि दादालाही बोलू देणार नाही.

आता जाण्याआधी वाच.

तुझे काका, म्हणजे आमचे हे, गेले तेव्हा तू पाळण्यात होतीस. मी दुकानाच्या मागच्या खोलीत बसून असायचे. शटर खाली, खिडकी बंद. आई जेवण पुढे ठेवायची आणि उचलून न्यायची. अशात एक दिवस निरोप आला की मंडळाने मला चिटणीस केलंय. बैठकीला मी कुठून असणार! माझा असा संताप झाला की विचारू नकोस. सलून तेव्हा आताच्या काकांच्या वडिलांचं होतं. मी तशीच तरातरा गेले आणि भर दुकानात त्यांना वाट्टेल ते बोलले, की तुम्हाला जनाची नाही मनाची तरी आहे का. त्यांनी गिऱ्हाइकाच्या डोक्यावरचा हातसुद्धा काढला नाही. म्हणाले, वहिनी, कोपऱ्यावरचा दिवा बंद आहे, उद्या कचेरीत जाऊन अर्ज द्यावा लागेल, तेवढं झालं की उरलेलं बोला.

कचेरीत जायचं म्हणून केस विंचरले. केस विंचरायला खिडकी उघडली. साहेब भेटले नाहीत म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, आणि येताना वाटेत एकजण भेटला, त्याची पेटी उघडत नव्हती. त्याला म्हटलं, या दुकानात.

दिवा लागला तोवर दुकान सुरू झालं होतं. उरलेलं बोलायचं राहूनच गेलं. त्यांनी कधी सांगितलं नाही की मुद्दाम केलं, मीही विचारलं नाही. ते गेल्यावर वाटत राहिलं की एकदा आभार मानायला हवे होते. आज तुला लिहिताना मानते आहे. कुणीतरी वाचलं म्हणजे झालं.

आणि एक. तू धक्क्यावर काम केलंस तेव्हा बोटीवर चढायच्या फळ्या बांधायला शिकली होतीस ना? मला पत्रात चित्र काढून पाठवलं होतंस. उगाच आठवलं.

तुझी,
मावशी


१० मे

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

उगाच आठवलं म्हणे! फार आतल्या गाठीची आहेस तू.

पिशवीतून आधी जाडे बूट काढले, मग हातमोजे, मग पिशवी रिकामीच झाली. कोपऱ्यावर इमारत बांधतायत, तिथल्या मुकादमाकडे परांचीच्या फळ्या मागितल्या, गवंडी उभे राहतात त्या. तो नाही म्हणाला. तुझ्या दुकानातलं मोठं कुलूप त्याच्या सामानाच्या खोलीला बसवून दिलं, मग हो म्हणाला. टेलर मास्तर टेप घेऊन बाहेर आले. रागातच होते, पण माझं मोजमाप त्यांना बघवेना. एकेका दाराची रुंदी त्यांनी कमरेचं माप घ्यावं तशी घेतली आणि सलूनचं दार मागच्यापेक्षा सुटलंय असा शेरा मारला. मी फळ्यांवर धक्क्यासारख्या आडव्या पट्ट्या ठोकल्या, म्हणजे पाय घसरत नाही. दोन्ही बाजूंना दोर. मास्तरांच्या बायकोने दोराला लाल चिंध्या शिवून दिल्या, अंधारल्यावर दिसाव्यात म्हणून. त्यांना बरं नसतं, एका जागी बसून शिवत होत्या, पण प्रत्येक चिंधीला त्यांनी काठ दुमडून शिवण घातली. मी म्हटलं चिंधीला कशाला एवढं? तर म्हणाल्या की सुटे धागे लोंबले तर आमच्या दुकानाची अब्रू जाते.

आता गंमत ऐक. लोक फळीवरून चालायला म्हणून येतात! आजोबा नातवाला घेऊन येतात, पलीकडे जातात, परत येतात, आणि आलोच आहोत तर केस कापून घेऊ म्हणतात. काकूंचे पाव दुपारीच संपतात. इंजिनीअरसाहेब येऊन बघून गेले, लाजले थोडे, आणि पाइप बसेल तसा मागचा चर लगेच बुजवायचं कबूल केलं. या वेळी मी त्यांच्या मोटारसायकलकडे पाठ करून उभी होते.

मावशी, मला इथे कुणी एकदाही विचारलं नाही की चूक कुणाची. पुढच्या गावी मी कुणाला हे सांगितलं तर पटायचं नाही. तुझ्या गल्लीचे माझ्याकडूनही आभार, वाचलंस म्हणजे झालं.

तुझी,
भिंगरी


२ जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

वाईट बातमी आहे. मास्तरांची बायको गेली. आजार जुनाच होता, त्या सांगत नव्हत्या.

रस्ता बुजला, वर डांबरही पडलं. दोर काढले, पण चिंध्या मी ठेवून घेतल्या. मास्तर शटर अर्धं वर करतात आणि आत बसतात. मशीनचा आवाज येत नाही. गिऱ्हाईक वाकून विचारतं, तर म्हणतात की काज-बटणं करणारं कुणी नाही. काकू पाव नेऊन देतात, तो तसाच असतो. मी त्यांच्या शटरला तेल घालून आले, एवढंच सुचलं.

तुझी,
भिंगरी


१५ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तिने माझ्या लग्नातलं पोलकं शिवलं होतं. अजून उसवलेलं नाही.

शटरला तेल घातलंस ते योग्य केलंस.

डॉक्टर म्हणतात, दिवसभर उभं राहायचं विसरा. तेव्हा मी परत आले तरी गल्ल्यावर बसेन, मशीनवर नाही. मोबाइलवाल्याला उत्तर हवंय. ऑगस्टच्या बैठकीनंतर कळवते म्हटलं, कारण तेव्हा तू मोकळी होशील आणि बोटीवर जाशील. मनाला लावून घेऊ नकोस. सहा महिने तू माझं दुकान उघडलंस, हे माझ्यावर उपकारच आहेत. विक्रीच्या कागदावर सही करताना चष्मा दोनदा पुसेन, पण दादाला म्हणेन की अक्षरं पुसट आहेत.

तुझी,
मावशी


१२ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

काल बैठक झाली. मी सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या रांगेत बसले. वाटेत एक माणूस दोन उंच खुर्च्या डोक्यावर घेऊन सायकल चालवत होता, तरी थांबले नाही. हे दादाला आवर्जून सांग.

सगळे आले होते. टेलर मास्तर नव्हते. सलूनवाले काकांनी नव्या अध्यक्षाचं नाव विचारलं, आणि नेहमीप्रमाणे सगळे छताकडे बघायला लागले. मी उभी राहिले आणि मास्तरांचं नाव घेतलं. काकूंनी पदर डोळ्याला लावला. सलूनवाले काका माझ्याकडे बघत राहिले, आणि मला वाटतं त्यांना त्यांचे वडील आठवले. मग म्हणाले की मंजूर.

आता चिटणीस. त्याचंही नाव हवं होतं. मला एकाएकी तहान लागली. पाण्याचा जग माझ्या पुढ्यातच होता, काठोकाठ भरलेला. तरी मी पाणी पिऊन येते म्हणून उठले, बाहेर जाऊन कोपऱ्यावरच्या दिव्याखाली उभी राहिले. तुझ्याच त्या दिव्याखाली. आतून जोरात हसल्याचा आवाज येईपर्यंत तिथून हलले नाही.

आज सकाळी मास्तर तरातरा दुकानात आले. मशीन सुरू होतं तरी त्यांचा आवाज वर ऐकू येत होता. म्हणाले की माझ्या घरात काय झालंय ते दिसत नाही का, लाज कशी वाटत नाही. मी हातातली किल्ली खाली ठेवली नाही. म्हटलं, मास्तर, नव्या डांबराच्या कडेला खड्डा पडलाय, पाणीखात्यात जायला हवं, मला एकटीला पाठवलंत तर मी मोटारसायकलबद्दलच बोलत बसेन. ते माझ्या बाहीकडे बघून म्हणाले की शिवण उसवलीय, अशा अवतारात कचेरीत जाणार का? दुपारी त्यांचं शटर पूर्ण वर होतं. माझी बाही शिवून झाली, बटणसुद्धा त्यांनीच लावलं. आम्ही उद्या जातोय.

बोटीवरच्या मैत्रिणीला कळवलंय की जागा दुसऱ्या कुणाला दे. मोबाइलवाल्याला तू कळव. मशीनवर उभी राहायला मी आहे, गल्ल्यावर तू बस, गुडघ्याला हवी तेवढी कुरकुर करू दे. पुढच्या फेब्रुवारीचं मला ठाऊक नाही, पण बैठकीच्या दिवशी मला तहान लागायची सवय झाली तर मात्र नवल नाही.

लवकर ये. थोरांना नमस्कार, दादाच्या धाकटीला पापा. माझ्यावर आहे तेवढी माया पुरे, कमी मात्र करू नकोस.

तुझी,
भिंगरी
चिटणीस, व्यापारी मंडळ (गैरहजेरीत निवडून आलेली)