निळ्यांचा बॉल अजून वरच आहे

बाबा, जय भीम.

आज सकाळी आपले निळे पुन्हा प्लेऑफमध्ये होते. मॅच संपली, आणि चहा देता देता आईच्या तोंडून एक गोष्ट निघून गेली. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला ऑफिसला जाववणार नाही.

पण आधी थोडी थट्टा करू द्या. अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या एवढ्या टीम, त्यातून तुम्ही आपली कशी निवडलीत? जर्सीवरून! "निळी हाय ना? मंग आपलीच." विषय संपला.

उरला गावातल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमधून नाइट शिफ्ट करून यायचात आणि भुवयांवरची धूळही न धुता टीव्हीसमोर उकिडवे बसायचात. तिकडे रात्र, आपल्या गुढियारी वस्तीत कोवळं ऊन. मला वाटायचं, आपण दोघं एकच स्वप्न बघतोय.

ती मॅच आठवते? हरेल तो घरी, अशी. आई वंदनेला बसलेली, म्हणून घरच्या नियमाप्रमाणे टीव्हीचा आवाज बंद. आपण एका पॉइंटनं मागे. शेवटच्या क्षणी आपल्या त्या लांब हातांच्या पोरानं बॉल सोडला. घरात नुसतं आईचं त्रिशरण, आणि बॉल वर, वर, अजून वर... आणि लाईट गेली!

मी स्कोअर बघायला मोबाईल उचलला. तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात. "राहू दे वं माय. वर हाय तोवर आपण हरलो नाही."

मग तो आपला खेळच झाला: निकाल शोधायचा नाही, त्या वर्षीची पुढची मॅचही लावायची नाही. मधली वर्षं नोकरीला पुण्यात होते, तेव्हाही फोनवर आधी तेच, "बाबा, बॉल?" "वरच हाय." दवाखान्यात तोंडावर मास्क होता, तेव्हा विचारलं तर तुम्ही बोट वर केलंत. सिस्टरला वाटलं, पंखा बंद करायचाय. तिनं केलाही! किती हसलो आपण, नाही?

आणि तुमची ती जलेबी! शाळेच्या टीमकडून खेळताना मी पहिल्यांदा हरले, तेव्हा सदर बाजारातून गरम पुडा आणलात. "जिंकलेल्याले सारं जग खाऊ घालते. हरलेल्याले कोण?" दादा बारावीत नापास झाला तेव्हाही जलेबीच. आपल्या घरी ती हरल्यावरच यायची.

आज निळे हरले. आई म्हणाली, "मंग जलेबी आण. मॅचमध्ये लाईट गेली होती ना, त्या दिवशी संध्याकाळी तुह्या बाबानं आणली होती. मी म्हटलं, काहून? कोण हरलं? तं म्हणे, कोणी नाही, असंच."

बाबा! तुम्हाला माहीत होतं?

कुणी सांगितलं, मिलमधल्या दोस्तानं? एकटेच हरलात आणि इतकी वर्षं मला "वरच हाय" म्हणत राहिलात? लबाड कुठले! मी तर ती जलेबी दादाशी भांडून खाल्ली, बोटं चाटली, आणि काहीच विचारलं नाही. आधी तुमचा राग आला, मग चहा तसाच गार झाला. आई विचारत राहिली, "काय झालं वं?" मी हे पत्र लिहायला घेतलं.

संध्याकाळी सदर बाजारातून जलेबी आणून तुमच्या फोटोपुढे ठेवीन, आजच्या हरण्याची. पण ती जुनी मॅच मी कधीच शोधून बघणार नाही, हा शब्द देते. तुम्ही विचारा तर खरं, बॉल कुठे आहे. वरच आहे बाबा. आता तो वर ठेवायची पाळी माझी.

तुमची पोट्टी,
चिमी