घोडीवरची सायकल

सोमवार, ६ जुलै १९५३

सायकल आज घरात घेतली. सासूबाईंनी, अक्कांनी, उंबऱ्यावरच अडवली. "चिखलाची चाकं घेऊन कुठं आत? समोर देव आहेत." चाकं धुतली, फडक्यानं पुसली, तेव्हा कुठं पुढच्या सोप्यात प्रवेश मिळाला. सुताराकडून करून आणलेल्या लाकडी घोडीवर मागचं चाक उचलून ठेवलं — अधांतरी. पुढच्या चाकाला दोन्ही अंगांनी विटा लावल्या. आता पावसाळाभर ह्यांनी हिच्यावर बसून पायडल मारायचं आणि कुठंही जायचं नाही!

मिरजेच्या डॉक्टरांनी परवा स्पष्टच सांगितलं. ह्यांचं चैत्रात कागलच्या रस्त्यावर पडून मोडलेलं मांडीचं हाड छान सांधलंय, पण तीन महिने प्लास्टरात राहून गुडघा आखडलाय. "रोज पायडल फिरवा. दुखेल, तरी फिरवा. दसऱ्यापर्यंत गुडघ्यानं पुरा फेरा घेतला तर ठीक. नाहीतर पाय जन्मभर असाच राहील, सरळसोट." हे सगळं ह्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघून बोलले. डॉक्टरला माणसं कळतात.

ड्रिल मास्तरचा पाय वाकत नसेल तर शाळा त्याला ठेवेल कशाला?

बुधवार, ८ जुलै

पहिला दिवस. डावं पाऊल पायडलला जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधलं. उजव्या पायानं जोर द्यायचा, डावा आपोआप वर येईल, असा हिशेब. वर यायला लागला आणि अर्ध्यात अडकला. हे असे ओरडले की माझ्या हातातली वाटी पडली. अक्का सोवळ्यातच धावत आल्या. "सोड आधी त्याला. हाड कोवळं आहे अजून. हंबीररावांना दाखवू."

हंबीरराव म्हणजे पलीकडच्या गल्लीतल्या तालमीचे वस्ताद. पैलवानाचा खांदा निखळो की पोराचं मनगट मुरगळो, आधी त्यांच्याकडे न्यायचं आणि मग जमलं तर डॉक्टरकडे — ही ह्या गावाची रीत. मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय तेच करायचं. अक्का म्हणाल्या, "हो, तुझ्या माहेरचा ना डॉक्टर!" मिरज माझं माहेर. तिथलं पाणीसुद्धा त्यांना जड पडतं.

शनिवार, ११ जुलै

धो धो. हेडमास्तर छत्री गळत असताना येऊन गेले. चहा घेतला, पायाकडे बघितलं, पावसावर बोलले. निघताना दारात हळूच म्हणाले, "दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत मी थांबवून धरतो, वहिनी. पुढं माझ्या हातात नाही."

मी ह्यांना सांगितलं नाही. पण ऐकू गेलं असावं. दुपारी स्वतःहून घोडीवर चढले. तीनदा अर्धा फेरा. चौथ्याला उतरले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

बुधवार, १५ जुलै

"तू समोर उभी राहिलीस की मला जमत नाही," म्हणाले. बायकोसमोर कण्हायची लाज वाटत असणार. कवायतीच्या मैदानावर शंभर पोरांना एका शिट्टीत उभं करणारा माणूस. ठीक आहे. मी स्वयंपाकघरात राहीन, मधलं दार लोटून घेईन, फक्त चाक ऐकेन.

गुरुवार, १६ जुलै

खर्र — थांबलं. खर्र — थांबलं. मग नुसता पाऊस. मी भाकरी करपवली.

मंगळवार, २१ जुलै

कडाक्याचं भांडण. मी म्हटलं, चार दिवसांत तुम्ही दहा फेऱ्यांचासुद्धा प्रयत्न केला नाहीत. हे म्हणाले, "तुला काय कळतंय दुखणं?" अक्का मध्ये पडल्या. "पोरगं माझं आहे. जिवावर बेतलं तर तुझा डॉक्टर येणार आहे का?" मी म्हटलं, जिवावर बेतायचं ते चैत्रातच बेतून गेलं, आता पायावर बेतलंय. मग आम्ही तिघं जेवायला बसलो. आमटीत मीठ नव्हतं, पण कोणी बोललं नाही.

सोमवार, २७ जुलै

आज चाक फिरलं. न थांबता!

मंगळवार, २८ जुलै

आजही. आधी वाटलं पावसाचाच आवाज. मग दाराला कान लावला. सर्रर्र करत एकसारखं, छान. मी आत जाणार होते, पण कबूल केलंय ना, की जाणार नाही. चुलीपुढं बसून रडले. धुराचं निमित्त बरं असतं.

हे जेवताना काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. दृष्ट लागायला नको.

मंगळवार, ४ ऑगस्ट

रोज फिरतंय. अक्का हल्ली त्या वेळी सोप्यातच जप करत बसतात — ह्यांना धीर येतो म्हणे. मी म्हटलं, बसा बाई. इतके दिवस विरोध करणारी बाई आता शेजारी बसते, ह्याहून जास्त काय हवं? आपणच त्यांना फार बोललो असं वाटलं. आज त्यांच्यासाठी मुद्दाम भाजणीचं थालीपीठ लावलं.

रविवार, ९ ऑगस्ट

अक्कांचा उजवा खांदा धरलाय. तेल लावून चोळून दिला. "वय झालं," म्हणाल्या. मी म्हटलं, ह्या ओल्या हवेत सगळ्यांचंच अंग धरतं. ह्यांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही.

शुक्रवार, १४ ऑगस्ट

नागपंचमी. आज विळी नाही, तवा नाही. दिंडं उकडली. शेजारच्या शालूबाई आल्या होत्या. चाकाचा आवाज ऐकून म्हणाल्या, "मास्तर तर कागलला पोचले असतील आत्तापर्यंत!" मी हसले आणि हसता हसता सांगून टाकलं, दसऱ्यानंतर शाळेत जाणार म्हणून. त्यांच्या तोंडी पडलं म्हणजे आता हेडमास्तरांच्या घरी पोचलंच.

रविवार, २३ ऑगस्ट

पंधरा दिवसांनी आज ऊन पडलं. कुबट गोधड्या घेऊन मी मागच्या दारानं वळसा घालून पुढच्या अंगणात गेले. आत चाक फिरत होतं. खिडकी उघडी होती.

अक्का पाटावर बसून हातानं पायडल फिरवत होत्या. डाव्या हातात जपमाळ, उजव्यात पायडल, डोळे मिटलेले. हे आरामखुर्चीत. डावा पाय स्टुलावर, गुडघ्याला हिरवा पाला बांधलेला. पेपर वाचत होते.

गोधड्या चिखलात पडल्या. मी आत गेले. अक्कांनी डोळे उघडले, पण हात थांबायला जरा वेळ लागला. मग चाक आपोआप मंद झालं.

मी म्हटलं, "किती दिवस?"

हे म्हणाले, "मी सांगणार होतो."

अक्का म्हणाल्या, "त्याला काही बोलू नको. माझीच युक्ती. हंबीररावांचा पाला आहे, त्याला गुडघा हलवून चालत नाही. आणि चाक थांबलं की तू आत भांडत येतेस. म्हणून फिरवत बसले."

महिना! महिनाभर मी दाराआड कान लावून त्या म्हातारीचा हात ऐकत होते. पाला सोडायला लावला. गुडघा जुलैत होता त्याहून कडक. हे खाली बघून म्हणाले, "पाय मोडला तेव्हा मी ओरडलो नव्हतो, कालिंदी. ह्या पायडलला मी भितो." मला त्यांची कीव आली आणि राग गेला नाही. दोन्ही एकदम होऊ शकतं हे आज कळलं.

सोमवार, २४ ऑगस्ट

तालमीत गेले. बायकांनी जायची जागा नव्हे ती, म्हणून रस्त्यावरच उभी राहिले आणि निरोप पाठवला. हंबीरराव अंगाला लागलेली तांबडी माती तशीच, वरून पंचा टाकून बाहेर आले. "वैनी, तुमी कशाला आलासा? हाक मारायची की."

मी सगळं सांगितलं. फार चढ्या आवाजात सांगितलं बहुतेक, कारण आतल्या जोर-बैठका थांबल्या होत्या.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हाड बसलंय. मिरजवाल्यानं झ्याक बसवलंय, त्ये म्या पयल्याच दिशी आक्कास्नी सांगितलं. वर जरा सूज हुती म्हणून पाला दिला — आठवड्याचा. त्या परत परत मागाय लागल्या. मला वाटलं सूज उतरली न्हाय अजून."

मी म्हटलं, "मग आता काय करायचं?"

"आमच्यातला पैलवान असा आखडला तर आमी चौघं धरून वाकवतो. त्यो आय-माय काढतो, आमी वाकवतो. मास्तरांचं पाऊल बांधा आन् पायडल दुसऱ्यानं हातानं फिरवा. त्येचा जोर त्येला पुरायचा न्हाय, भ्या हाय त्येच्यात." मग पंचा सावरत म्हणाले, "आईला त्ये जमायचं न्हाय. तुमास्नी जमतंय का बगा."

मला जमणारच, असं मनात म्हणत घरी आले.

बुधवार, २६ ऑगस्ट

सीट वर चढवली. पाऊल बांधलं. मी पाटावर बसले आणि पायडल हातात घेतलं. अक्का देवघरात गेल्या आणि दार लावून घेतलं. रविवारपासून आम्ही बोलत नाही.

गुडघा वर आला. अडकला. मी जोर दिला. हे ओरडले — माझं नाव घेऊन. माझा हात सुटला.

गुरुवार, २७ ऑगस्ट

सुटला.

सोमवार, ३१ ऑगस्ट

हे स्वतः म्हणतात, "मी ओरडलो तरी सोडू नको." मी देवाची शपथ घेऊन बसते. आणि तो आवाज आला की हात पायडलवर नसतोच. कसा निघतो कळत नाही. मीच ती, महिनाभर लोटलेल्या दाराआडून मनात "अजून फिरवा" म्हणणारी!

रविवार, ६ सप्टेंबर

शालूबाईंच्या यजमानांना पायडल फिरवायला बसवून बघितलं. त्यांनी एकदाच प्रयत्न केला, घाम पुसला, चहा न घेता गेले.

शनिवार, १२ सप्टेंबर

गणपती बसले. पूजेला हे खाली बसू शकले नाहीत. पाय पसरून बसायचं तर मूर्तीकडे पाय होतो. शेवटी उभ्यानंच अक्षता टाकल्या. अक्का बघत होत्या. नैवेद्य दाखवताना त्यांचा पदर दोनदा डोळ्यांशी गेला.

गुरुवार, १७ सप्टेंबर

आजऱ्याकडचा एक तरुण शाळेत आलाय, तात्पुरता म्हणून. शालूबाई म्हणतात, शिट्टी चांगली वाजवतो. सकाळी वारा इकडचा असला की ती शिट्टी आमच्या सोप्यात ऐकू येते. हे त्या वेळी मुद्दाम विहिरीकडं जातात, भिंत धरून.

सोमवार, २१ सप्टेंबर

आज मी हरले. पायडल धरलं, सोडलं, परत धरलं, आणि पाटावरच बसून मोठ्यानं रडले. ह्यांनी वरून माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "राहू दे आता. काठीनं चालणारे मास्तर काय नसतात? शिकवण्यांचं बघू." इतकं हळू बोलले की मला त्या ओरडण्याहून ते जास्त लागलं. घोडी माळ्यावर टाकायला सुताराला बोलवायचं ठरलं.

अक्का दारात उभ्या होत्या. कधीपासून, माहीत नाही.

मंगळवार, २२ सप्टेंबर

सकाळी देवपूजा अर्धी टाकून अक्का सोप्यात आल्या. ह्यांना म्हणाल्या, "वसंता, चढ." स्वतः पाऊल बांधलं. पाटावर बसल्या. मला म्हणाल्या, "तू मागून खांदे धर. पायडलची माझ्या हाताला सवय आहे."

हे ओरडले. एरवी त्यांना अक्काच म्हणतात, आज "आई, सोड" म्हणाले. तीनदा म्हणाले. अक्कांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि पायडलवरचा हात सुटला नाही. गुडघा वर आला, अडकला, आणि पलीकडे गेला.

मी खाली वाकले, त्यांना उठवायला. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. पदरानं हात कोरडा केला, पायडल धरलं आणि म्हणाल्या, "परत."