बाबांची शाबासकी

मंगळवार, संध्याकाळ. नंदनवन.

बाबा आज मला शाबास म्हणाले, तेव्हापासून जिवाला चैन नाही. कशावर, तर वांग्याच्या भाजीवर. "जमली वं तुले. शाबास."

उमरेडला घरी हातमाग होता, तेव्हा अर्धवट विणलेल्या कापडाला बाबा कधी शाबास म्हणत नसत. नजर लागते म्हणायचे. लुगडं मागावरून उतरायचं, बाबा काठावर अंगठा फिरवायचे, मगच शाबास. म्हणजे काम संपलं.

आज तसाच अंगठा त्यांनी माझ्या पदराच्या काठावर फिरवला. काहून?

शब्दकोश काढून पाहिला. मूळ फारसी, शाद बाश, म्हणजे आनंदी राहा. असं तर माणूस निघताना म्हणतो.

सकाळी ते दवाखान्यात एकटेच गेले होते. मला येऊ दिलं नाही. आता विचारलं, "बाबा, डॉक्टर काय म्हणाले?"

"काही नाही वं. तू जेव."

काही नाही, तर मग तो अंगठा कशाला?

उद्या डॉक्टरांना मीच गाठणार. आणि भाजीत मूठभर मीठ टाकणार. बघते, शाबास कसं परत घेत नाहीत ते.