आधी पाणी, मग भोंगा

३ ऑगस्ट
बिश्केकहून निघालेली गाडी एकदाची तेरेक-बुलाकला पोचली. कंबर मोडली, पण मन प्रसन्न आहे. वर हिमनदीचं सरोवर, खाली गाव, मधल्या चढावर हे ठाणं. सरोवर फुटलं की इथला भोंगा गावाला उठवतो. स्वयंपाक सांभाळणाऱ्या शायिर एजेंनी (एजे म्हणजे ताई) घोडीच्या आंबट दुधाचा वाडगा हातात दिला. बायको नाही, मेंढी नाही, मग दाराला कडी कशाला लावतोस, असं विचारून स्वतःच हसल्या.

भोंगा चालवणारा जुना प्रोसेसर आता मिळत नाही. नवा आणलाय, पण प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या आमच्या कंपायलरला त्याची बोली येत नाही. ती शिकवायला मी आलोय.

७ ऑगस्ट
जुना प्रोसेसर संथ, पण सरळ होता. आधी लिहिलेलं सगळ्यांना आधी दिसायचं. नव्याला एकाच वेळी काम करणारे चार गाभे आणि चौघांनाही घाई. एकानं आधी केलेलं दुसऱ्याला नंतर दिसतं. ‘पातळी मोजली’ ही खूण आधी पोचली आणि आकडा मागे राहिला, तर भोंगा शिळ्या आकड्यावर विसंबून गप्प बसेल. म्हणून कंपायलरनं अशा प्रत्येक जागी आधीचं पोचेपर्यंत पुढचं रोखणारा अडसर घालायला हवा. त्या जागा शोधतोय. आज दिवसभर कुणाशी बोललो नाही, हे जेवताना लक्षात आलं.

१२ ऑगस्ट
पिठाचं पोतं वर आणून दिलंस, बरं झालं, असं एजे सकाळी म्हणाल्या. पोतं मी दुपारी आणलं. थट्टा असावी.

१५ ऑगस्ट
पहारेकरी कुबान बाइके (बाइके म्हणजे दादा) ठाण्यामागे खड्डा खणत रडत होते. कुत्र्यासाठी, म्हणाले. कुत्रा तेव्हा माझा हात चाटत होता.

१६ ऑगस्ट
कुत्रा गाडीखाली गेला. काल खड्डा का खणलात, असं बाइकेंना विचारलं. मेल्यावर खणतातच, त्यात नवल काय, म्हणाले. त्यांना काहीच उलटं दिसत नाही. फक्त मला दिसतं. सांगणार कुणाला?

१९ ऑगस्ट
चाचणीत भोंगा गप्पच. एक जागा सुटलीय. आईला फोन केला. ती रडत होती. “अजून त्याचा आवाज येतो,” असं कुणाला तरी म्हणाली आणि ठेवला. पुन्हा लावला — उचलत नाही.

२१ ऑगस्ट
अंगणात लोकरी तंबू. मेलेल्याला ठेवायला उभारतात तसा. पुरुष लांबूनच हंबरडा फोडत येतायत. मी वाटेत उभा — मला वळसा घालून जातात. एजे शेजारणीला सांगत होत्या, “शहरातलं पोरगं गं. त्यानं भोंगा सुरू केला म्हणून आपण वाचलो. स्वतः मात्र उतरलाच नाही.”

सरोवर शांत आहे.

२२ ऑगस्ट
तंबू नाही. गवतही दबलेलं नाही. बाइके गाडीनं नारिन शहराला निघाले. चल, म्हणाले, इथं तुझं कोण आहे? बॅग भरली. पण अडसर अजून — मी गेलो तर खाली किती तंबू —

गाडी गेली.

२३ ऑगस्ट
जागा सापडली. अडसर घातला. प्रोग्रॅम यंत्रावर चढवला.

वर गडगडाट — पडद्यावर आकडा चढतोय. मग खूण. मग — वाजला. वाजला.

खाली गावातली माणसं पलीकडच्या टेकडीकडे पळतायत. एजे ठाण्याखालच्या वाटेवर मागे थांबल्यात. वर बघून मला ओरडतायत, पोरा, उत—