तोच तक्ता

बुधवार, ३ डिसेंबर

मागच्या आठवड्यात लिहिलेलं एक वाक्य चुकीचं आहे. 'डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात सौरभ मॅटवर उतरेल.' डॉक्टर असं म्हणाले नव्हते. डॉक्टर असं म्हणाले, असं सौरभ म्हणाला. मी तेव्हा खाली औषधांच्या दुकानात होते. खोडत नाही. चूक तिथे दिसू दे, दुरुस्ती इथे.

रुग्णालयातले डॉक्टर माझ्यासमोर बोलले ते एवढंच — स्कॅनमध्ये काही नाही, पण मेंदूला हादरा बसलाय. तो पूर्ण ओसरेपर्यंत डोक्याला दुसरा मार लागता कामा नये. "दुसरा मार पहिल्यासारखा नसतो." म्हणजे कसा असतो, विचारलं. त्यांनी सौरभकडे बघितलं आणि म्हणाले, "खेळू देऊ नका, म्हणजे झालं."

ऑक्टोबरात इथे भटवाडीतच कबड्डीचा सामना होता. चढाईला गेला, एकाने पाय धरून पट काढला, दुसऱ्याचा गुडघा कानशिलावर बसला. उठला, हसला, आणि समोरच्या संघात जाऊन उभा राहिला! लोक टाळ्या वाजवून हसले. मीही हसले.

दीड महिना झाला. डोकं दुखतं, वाचताना अक्षरं हलतात, वळताना तोल जातो. आज मुलुंडचं क्लिनिक बघून आलो. एका खोलीत डोळे, दुसऱ्या खोलीत मान. डोळ्यांच्या शर्मिष्ठा मॅडम म्हणाल्या, डोळे, मान आणि कानातला तोल यांचा मेळ सुटलाय, म्हणून आम्ही दोघं मिळून काम करतो.

"सगळे बरे होतात?"

"नाही. बऱ्याच जणांना फायदा होतो. सगळ्यांना नाही."

एवढं सरळ उत्तर का दिलं असेल? विश्वास बसावा म्हणूनच ना?

शनिवार, ६ डिसेंबर

मानेचे ते मिहिर सर. पाटीवर 'कायरोप्रॅक्टिक न्यूरॉलॉजी', म्हणजे मान-मणके हाताने हलवून उपचार. न्यूरॉलॉजी हा शब्द मोठा रंगवलाय, असं मला वाटलं. सौरभ म्हणतो दोन्ही शब्द सारखेच आहेत. पुढच्या वेळी नीट बघायचं.

विचारलंच. "तुम्ही एम.बी.बी.एस. आहात का?"

"नाही. तसं मी कुठे लिहिलेलंही नाही." रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

सौरभला फिरत्या खुर्चीवर बसवलं. भिंतीवर काळा ठिपका. नजर ठिपक्यावर, खुर्ची डावीकडे, उजवीकडे. मग मान हातात घेतली. मी उठून जवळ गेले. मानेला कोणी झटका देऊ देऊ नका, हे रुग्णालयाने लिहून दिलंय.

"झटका देणार नाही ना?"

"नाही. कागद वाचलाय मी. नुसती धरून हळू वळवतोय."

सौरभ डोळे मिटून म्हणाला, "ताई, बाहेर बस ना यार! पकड करायला आल्यासारखी उभी आहेस."

बाहेर बसले नाही. झटका दिला नाही. आज तरी.

गुरुवार, ११ डिसेंबर

घरचा व्यायाम: दोरीत तीन रंगांचे मणी. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं नाकाच्या शेंड्याशी. लाल मण्याकडे बघितलं की मणी एक आणि दोऱ्या दोन दिसायला हव्यात, मण्यापाशी फुली झालेली. मला तशी दिसते. सौरभही म्हणतो, दिसते.

आत्या चहा घेऊन आली आणि थांबली. "एवढां करून मासो गावतलो काय रे?"

सौरभ इतका हसला की दोरी सुटली. आत्याला सगळंच थोतांड वाटतं. "मान मोडून घेऊक मुलुंडाक कित्याक जातास?" आई उलट. आई म्हणते, "गंधाली, तुला देवाच्या प्रसादातही खडा दिसतो." मी दोघींच्या मध्ये. मला थोतांड वाटत नाही. मला काय वाटतं ते ठरतच नाही, हाच त्रास आहे.

शनिवार, १३ डिसेंबर

आज एक गोष्ट पकडली!

क्लिनिकमध्ये आकड्यांचा तक्ता असतो. ओळीत आकडे, पण वेडेवाकडे, काही जवळ, काही लांब. ते मोठ्याने, भरभर वाचायचे. डोळे ओळीवरून नीट उड्या मारतात का, ते वेळेवरून कळतं. भाषा कुठलीही चालते. सौरभ मराठीत वाचतो. आज त्याला कमी वेळ लागला. मॅडमनी वहीत टिपलं. मी तक्ता हातात घेऊन बघितला, तर मागच्या वेळचा नव्हताच!

"हा वेगळा आहे."

"हो, आमच्याकडे चार आहेत. आलटूनपालटून देतो."

"मग तुलना कशी करणार? हा सोपा असला तर?"

"चारही सारखेच अवघड असतात."

"ते तुम्ही म्हणता."

शब्द तोंडातून गेला आणि कान तापले. आत्याने असं बोलायला शिकवलेलं नाही. पण प्रश्न बरोबर होता. सोपा तक्ता द्यायचा, सुधारणा दाखवायची. कोण तपासणार?

मॅडमनी वही मिटली. मग म्हणाल्या, "तुमचं समाधान होऊ दे. यापुढे पहिलाच तक्ता वापरू."

मी त्या तक्त्याचा फोनवर फोटोही काढून घेतला. आता बदलला तर कळेल. रिक्षात सौरभने तो फोटो मागून घेतला. "बघू तरी, कशावरून भांडलीस."

बुधवार, १७ डिसेंबर

तोच तक्ता. फोटोशी ताडून बघितला. वेळ कमी.

शनिवार, २० डिसेंबर

तोच तक्ता. वेळ आणखी कमी. संशयाला जागा नाही. तरी संशय आहे. हा माझा दोष असेल का?

संध्याकाळी नितेशदादा आला. मंडळाचे खेळाडू तोच तयार करतो. निवड चाचणी रविवार, १८ जानेवारीला. सौरभचं हे कुमार गटातलं शेवटचं वर्ष. यंदा जिल्ह्याच्या संघात आला नाही, तर पुढच्या वर्षी मोठ्यांच्यात, आणि तिथे याच्या वजनाच्या मुलाला कोण विचारतो? रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सांगितलंय की क्लिनिकचा अहवाल चांगला आला तर परवानगीचा विचार करू. म्हणजे सगळं त्या अहवालावर.

नितेशदादा दारात थांबला. "गंधाली, तू जरा हात सैल सोड गं. पोरगं घाबरेल."

"घाबरलं तर बरं."

"चढाई करणारा घाबरला की संपला."

मला त्याचं बोलणं आवडलं नाही. 

रविवार, २८ डिसेंबर

जेवताना सौरभने पाणी ओतलं ते पेल्याच्या बाहेर. थोडं नाही, सरळ ताटात. आमटीत पाणी!

"लक्ष नव्हतं," म्हणाला.

परवा जिना उतरताना पायाने पायरी चाचपत होता. मोबाइल बघतो तो एक डोळा मिटून. विचारलं तर, "झोप आलीय."

क्लिनिकच्या आकड्यांत सुधारणा, घरात हे. मला वाटतं मानेचं काहीतरी होतंय. मिहिर सर दर वेळी 'हळू, हळू' म्हणतात, पण बोटांनी नेमकं काय करतात ते मला दिसत नाही. आईला म्हटलं. आई म्हणाली, "पेला सरकला असेल." पेला सरकला नव्हता. मी बघत होते.

शनिवार, ३ जानेवारी

आज शर्मिष्ठा मॅडमनी नवीनच काढलं. पेन नाकाजवळ आणताना सौरभचा डावा डोळा मध्येच बाहेर सरकतो, म्हणाल्या. "मणी एकच दिसतो ना?" "एकच," सौरभ म्हणाला. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

"आकडे इतके छान आणि डोळा असा, जुळत नाही. मी घाईने अहवाल देणार नाही."

झालं! अहवाल लांबला की बैठका वाढल्या, पैसे वाढले. हेच मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. मी म्हटलं, "आकडे तर स्पष्ट सांगतायत."

"आकडे सांगतायत खरे," त्या म्हणाल्या.

सौरभ खाली मान घालून बुटाची नाडी बांधत बसला. बराच वेळ.

शुक्रवार, ९ जानेवारी

दुपारी मी आणि आत्या तीळ निवडत बसलो होतो. हात चालले की माझं तोंडही चालतं, लहानपणची सवय. मी काहीतरी पुटपुटत होते. आत्याने मान वर केली.

"हो खयचो पाढो गो?"

"कुठला?"

"आता म्हणलंस तो. सात, दोन, नऊ, पाच, तीन..."

ताट माझ्या मांडीवरच राहिलं.

पाढा नाही. तक्ता. मुलुंडचा तक्ता! पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मला तोंडपाठ येतो. मी पाठ केलेला नाही. खुर्चीत बसून सौरभकडून ऐकला, तेवढाच. आत्याच्या पाढ्यांच्या चालीत बसलाय.

आई-बाबा कामावर असायचे, म्हणून शाळेच्या आधी आत्यानेच शिकवलं आम्हा दोघांना. ओसरी नव्हती, फळा नव्हता; भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. आत्या एकदा वाचायची, मग पुस्तक मिटायची. "आता म्हण." पावकी, निमकी, सगळं असंच. कुठलीही गोष्ट दोनतीनदा कानावर पडली की आमच्यात ती राहते. मला वाटायचं, सगळ्यांच्यात राहते.

आणि सौरभने फोटो मागून घेतला होता.

आत्या म्हणाली, "काय झालां? पांढरी कित्याक पडलंस?" काही नाही म्हटलं. हे खोटं होतं, लिहून ठेवते.

शनिवार, १० जानेवारी

वेळ आजवरचा सगळ्यात कमी. शर्मिष्ठा मॅडम खूश नाहीत. मीही नाही. आम्ही एका बाजूला आहोत, हे मला पचत नाही. बुधवारी शेवटची तपासणी, त्यावर अहवाल.

मी काही बोलले नाही. आधी खात्री करायची. माझा संशय याआधी दोनदा चुकीच्या माणसावर गेलाय.

रविवार, ११ जानेवारी

सकाळी बसून फोटोवरून तक्ता कागदावर उतरवला. तेच अंतर, त्याच आकाराचे आकडे. तिसरी ओळ मात्र पूर्ण बदलली.

"सौरभ, जरा सराव करून घेऊ."

"आण." खिडकीपाशी उभा राहिला. भिंतीला पाठ लावून! त्याच्या लक्षातही आलं नाही.

सुरू झाला. पहिली ओळ. दुसरी. तिसरी... जुनीच. न अडखळता, जुनीच. चौथी, पाचवी, शेवट. चढाईत दम धरतात तसा एका दमात सगळा तक्ता. कागद नाकासमोर होता आणि त्याने तो वाचलाच नव्हता.

"झकास ना?" म्हणाला.

मी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "हे वाच."

त्याने डोळे बारीक केले. मग एक मिटला. मग कागद लांब धरला. मग माझ्याकडे बघितलं.

"बदललास तू?"

"हो."

"सख्ख्या भावावर डाव टाकलास!"

"तू किती दिवस टाकतोयस?"

बसला.  मग म्हणाला, आधी ठरवून केलं नव्हतं. तिसऱ्या वेळेला तोंड डोळ्यांच्या पुढे धावायला लागलं. मग वाटलं, धावू दे. मग रोज फोटो ऐकवून घेतला — ऐकवून! चुलतभाऊ प्रांजलला फोटो पाठवून, त्याच्याकडून, फोनवर.

"मणी?"

"दोन दिसतात."

"माणसं?"

"जवळ आली की दोन." हसायचा प्रयत्न केला. "मॅटवर काय प्रॉब्लेम नाही गं. दोघांपैकी जो खरा वाटतो त्याला शिवायचं. आणि दुसरा नसतोच ना!"

"आणि गुडघा कुठला खरा, ते कसं ओळखणार?"

 मग हात धरला माझा. लहानपणी धरायचा तसा. "ताई, एकच दिवस. अठरा तारीख. नंतर वर्षभर मणी बघत बसेन, शपथ. तुला खोटं बोलायचं नाहीये. तू फक्त बोलायचं नाहीस. गप्प बसणं म्हणजे खोटं नाही ना?"

मी हात सोडवला नाही. उत्तरही दिलं नाही. त्याला ते हो वाटलं. त्याचा चेहरा लगेच उजळला, म्हणून कळलं.

सोमवार, १२ जानेवारी

सौरभ आज फार गोड. माझी चादर घडी घातली, आत्याचे पाय चेपले. आत्या म्हणाली, "ह्येका काय व्हया आसा?"

मिहिर सरांबद्दल मी मागे जे लिहिलं, बोटांबद्दल, ते चुकीचं होतं. पेला, जिना, मिटलेला डोळा — सगळं आधीपासूनच होतं, त्याने लपवलं होतं. शर्मिष्ठा मॅडमबद्दलचंही चुकीचं. त्यांना एकट्यांना ते दिसत होतं, आणि त्यांची वाट मीच बंद करून ठेवली होती. बाकीचे तीन तक्ते त्यांच्या कपाटात पडून आहेत. माझ्या समाधानासाठी.

त्यांचे उपचार लागू पडतात का? माहीत नाही. अजून कोणालाच माहीत नाही. खरा आकडा एकही नाही.

दिवसभर एकच विचार: त्याने मला कायमचं टाकलं तर? पुढच्या वर्षी तो घरात हिंडेल, चांगला, धडधाकट, आणि माझ्याशी बोलणार नाही. ते मी सोसू शकेन का? मग दुसरा विचार येतो. तो बोलू शकणारच नाही, असं झालं तर?

मंगळवार, १३ जानेवारी

आत्याला सांगितलं. ती लाडू वळत होती. हात थांबले नाहीत. एवढंच म्हणाली, "मग आता पुस्तक मीट, आणि म्हण."

उद्या, बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत. सकाळी साडेदहाला मुलुंड. सौरभ खुर्चीत बसेल, मॅडम तोच तक्ता काढतील, कारण मीच तसं सांगितलंय. मी त्याच्यासमोरच म्हणणार — दुसरा काढा.