एकोणिसावी चिठ्ठी

अप्पा, आज शाळेची पहिली घंटा झाली तेव्हा मी वर्गात होते आणि माझ्या हातात खडू होता. मागे खुर्ची होती, पण बसवले नाही. चौक गावाजवळच्या त्या शाळेत तुम्ही इतकी वर्षे घंटा वाजवलीत आणि घंटा होत असताना बसून राहू नये हे मला अक्षरओळख होण्याआधीच शिकवलेत. समोर बेचाळीस मुले होती. पहिले वाक्य इतके हळू निघाले की शेवटच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, ऐकू नाय येत." मी तेच वाक्य पुन्हा म्हटले आणि माझा आवाज मागच्या भिंतीला लागून परत आलेला मी स्वतः ऐकला. तुम्हाला जाऊन नऊ वर्षे झाली, तरी चांगली बातमी घेऊन मी अजून आधी तुमच्याच दिशेने निघते.

स्वयंपाकघरातले ते कपाट अजून तिथेच आहे. शाळेचे फळे रंगवून उरलेला काळा रंग तुम्ही हेडमास्तरांना विचारून घरी आणला होता आणि कपाटाच्या दारावर त्याचे दोन हात दिले होते. खडूचे तुकडे तुम्ही खिशातून आणायचात. मी भांड्यांना शिकवायचे. तांब्या हुशार, कळशी मठ्ठ, आणि तुम्ही उंबऱ्यावर बसून हात वर करून विचारायचात, "बाई, आज गृहपाठ काय?" आई भाकरी थापता थापता म्हणायची, या बापलेकीच्या शाळेत माझी परात तेवढी रोज गैरहजर.

दहावीला मी पहिली आले आणि तुमच्याच शाळेत माझा सत्कार झाला. पाहुण्यांनी ध्वनिक्षेपक माझ्यापुढे धरून विचारले, वडील काय करतात? तुम्ही दारात चहाचा ट्रे घेऊन उभे आहात. मी तुमच्याकडे पाहते आणि काहीच बोलत नाही. पाहुणे हसून म्हणाले, मुलगी फार लाजाळू आहे, आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. घरी परतताना तुम्ही एवढेच म्हणालात, "जरा पानी पिऊन जायचं व्हतंस गं, घसा सुकला असंल." त्यापेक्षा तुम्ही रागावला असतात तर बरे झाले असते.

पुढे बारावीच्या परीक्षेआधी एका सकाळी शाळेत निघताना तुम्ही चपला घालायला खाली वाकलात आणि पुन्हा उठला नाहीत. परीक्षा मी दिली, पासही झाले. पण निकाल सांगायला कुणाकडे धावावे हे कळेना. कपाटाच्या काळ्या दारावर मी कॅलेंडर टांगले आणि खालापूरच्या बाजूला एका कारखान्यात बाटल्यांना लेबले लावू लागले. स्वप्न पाहायचे नाही, ही मी स्वतःला लावलेली शिस्त होती. ज्याची वाटच पाहिली नाही ते हातून निसटत नाही, असा माझा हिशेब होता आणि तो मला शहाणपणाचा वाटे.

शेजारच्या यंत्रावर कडाव गावच्या एक मावशी होत्या. त्यांना वाचता येत नसे. एक दिवस लेबलांच्या खोक्यावर मी लिहिलेला मजकूर पाहून त्या म्हणाल्या, तुझं अक्षर बरं हाय, रविवारी आमच्याकडं ये, आमच्यात लिवनारं आता कोनी ऱ्हायलं नाय. त्यांच्या पडवीत ख्रिस्ती मंडळी जमत असे, मोजून अठरा माणसे. त्यांची एक रीत होती. वर्षाच्या पहिल्या रविवारी प्रत्येकाने प्रभूकडे जे मागायचे ते चिठ्ठीवर लिहून पत्र्याच्या डब्यात टाकायचे, वर्षभर त्या डब्यावर हात ठेवून सगळ्यांनी प्रार्थना करायची आणि शेवटच्या रविवारी आपली चिठ्ठी उघडून सर्वांसमोर मोठ्याने वाचायची किंवा वाचून घ्यायची, मिळाले असो वा नसो.

मी सगळ्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या, आणि शाळेत शिकले होते तशाच लिहिल्या. म्हशीला दूध यावे अशी एका आजोबांची मागणी मी "उपरोक्त विषयास अनुसरून नम्र विनंती की" इथून सुरू केली. वाचून दाखवल्यावर ते म्हणाले, "पोरी, देव काय तहसीलदार हाय का? म्हस म्हन, दूध म्हन, संपव." सगळे हसले. खूप महिन्यांनी मीही हसले.

डबा बंद करताना मावशींनी माणसे मोजली, मग चिठ्ठ्या मोजल्या. "एकोनीस मानसं, अठरा चिठ्ठ्या. कोनाची राहिली गं?" सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी पाठ फिरवून कागदावर पेन फिरवल्यासारखे केले, घडी घातली आणि चिठ्ठी डब्यात टाकली. ती कोरी होती.

अप्पा, मला मागता येत नव्हते. विहारात वंदनेला हात जोडताना तुम्ही सांगायचात, हे हात मागायला नाहीत, आठवण ठेवायला आहेत. ते मी मोडले असे मला आजही वाटत नाही. पण त्या वर्षी प्रत्येक रविवारी मी भीतभीत जायचे. आईला सांगितले तेव्हा तिने विळीवरून मान वर केली आणि म्हणाली, "मी विहारात जाईन, तू तिकडं जा. पन दुपारी मला एकटीला जेवाय लावू नको." आजवर आम्ही एकाही रविवारी वेगळ्या जेवलो नाही.

त्याच वर्षी येशूच्या कबरीपाशी गेलेल्या बाईची गोष्ट मी त्या मंडळीला वाचून दाखवली. मेलेल्या देहाला सुगंधी द्रव्ये लावावीत, एवढीच तिची अपेक्षा होती. आणि ज्याच्यासाठी ती रडत होती तो जिवंत उभा राहून तिला हाक मारतो.  मीही रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन कारखान्यात अशीच निघत होते. माझी अपेक्षाही मेलेल्याला जपण्यापलीकडे जात नव्हती, आणि हाक मात्र जिवंताची येत होती.

वर्षाचा शेवटचा रविवार आला. म्हशीचे आजोबा म्हणाले, दूध आलं, पन शेंगदाण्याच्या पेंडीनं का प्रभूनं ते म्हशीलाच विचारा. कुणाचे झाले होते, कुणाचे राहिले होते. ज्यांचे राहिले होते तेही नवी चिठ्ठी मागत होते, याचे मला नवल वाटले. मग माझी पाळी आली. मी घडी उघडली आणि कोरा कागद धरून उभी राहिले. मावशींना अक्षर येत नव्हते, पण कोरेपण त्यांना लगेच वाचता आले.

"कोरी हाय? मग तर बरंच झालं. आता तोंडानं सांग."

घसा सुकला. तुमची आठवण झाली. मी कोपऱ्यातल्या माठातले पाणी प्यायले आणि अठरा माणसांसमोर, माझ्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या आवाजात म्हणाले, "मला बाई व्हायचंय." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांनी फक्त डोळे मिटले आणि माझ्यासाठी मागितले, जणू ते म्हशीच्या दुधाइतकेच साधे आणि होण्यासारखे होते. त्याच दिवशी घरी येऊन मी कॅलेंडर काढले. पदवीची पहिली दोन वर्षे लेबले लावता लावता, तिसरे कपाटाच्या दारावर खडूने टिपणे काढत पार पडले. पुढे शिक्षकी अभ्यासक्रम, तीन मुलाखतींतले नकार, चौथीतला होकार. दर वर्षी चिठ्ठी तीच, आणि ती मी स्वतः वाचली.

आज मधल्या सुट्टीआधी त्याच शेवटच्या बाकावरच्या मुलीने विचारले, बाई, तुमचे बाबा पन शिक्षक व्हते का? मी म्हणाले, "नाही. माझे वडील शाळेत शिपाई होते. घंटा वाजवायचे." ते मागच्या भिंतीपर्यंत स्पष्ट पोहोचले. मुलगी म्हणाली, मग तुमाला सुट्टी कधी व्हनार ते आधीच कळत असंल, आणि सगळा वर्ग हसला. मीही.

हे पत्र त्या डब्यात टाकावे असे मनात आले होते. पण डब्यात टाकलेले वर्षअखेरीला मोठ्याने वाचावे लागते, आणि यातले एक वाक्य वाचायला मला अजून थोडे बळ मागावे लागेल. म्हणून ते काळ्या दाराच्या कपाटात, कळशीखाली ठेवते. सत्काराच्या दिवशी माझा घसा सुकला नव्हता, अप्पा. मला तुमच्या हातातल्या ट्रेची लाज वाटली होती.